सुंठीची वाकळ

"सिस्टर, उद्या सकाळी मी सासऱ्यांना घेऊन तुमच्याकडे येतेय. तुम्ही मला ओळखत नाही असं दाखवायचं, एवढं कराल का?"

फोनवर पलीकडे मांजरं ओरडत होती.

"तुम्ही म्हणजे रस्त्यावरची म्हणून ती मांजर आणून सोडलेल्या बाई," सुवार्ता सिस्टर म्हणाल्या. "मी तेव्हाच समजले होते. रस्त्यावरच्या मांजराला कुणी वाकळीत गुंडाळून आणत नाही."

"ती आहे का अजून तिथं?"

"महिना झाला जाऊन. जयसिंगपूरच्या एका बाईंनी नेली. आता परत मागू नका, रुळलीय ती तिकडं. आणि या उद्या, मी ओळख दाखवणार नाही."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. मांजर तिथे नाही म्हणजे उद्या अण्णांच्या पायात येऊन घोटाळणार नाही. पिंजरे बघायचे, नाही म्हणायचं, परत यायचं. मी त्यांना दोनदोनदा थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवून मटकीला मोड आलेत का बघायला गेले. इतकी मी शांत होते.

सुंठी आमच्या आक्कांची मांजर. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात कुठूनसं एक सुंठेच्या रंगाचं पिल्लू घरात शिरलं आणि त्यांच्या पायांवर झोपायला लागलं. आम्ही जैन, घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे मांजर पाळायची म्हटल्यावर अख्ख्या गल्लीला चेष्टेला विषय मिळाला. "अण्णा, मांजरीला पण चतुर्दशीचा उपवास का?" असं लोक विचारायचे. अण्णा म्हणायचे, "तिचा धर्म तिला, आमचा आम्हाला." आक्का गेल्या, आणि त्यांच्या जुन्या इरकली लुगड्यांची, त्यांनीच हाताने शिवलेली लहानशी वाकळ सुंठीकडे गेली. परगावच्या माणसाला वाकळ म्हणजे गोधडी म्हणून सांगावं लागतं, पण गोधडी म्हटलं की ती मला परक्याची वाटते. सुंठी त्या वाकळीवर झोपायची आणि अण्णा शेजारी बसून पेपर वाचायचे. बायको गेलेल्या माणसाचा दिवस कसा जातो हे मी तीन वर्षं बघत होते. तो त्या मांजरीमुळे जात होता.

आणि तीच मांजर मी नेऊन सोडली.

त्याआधी दोनदा माझा गर्भ पडला होता. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा माझ्या आईने फोनवर धोशा लावला, "आधी ते मांजर घराबाहेर काढ." डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं की मांजराची घाण तुम्ही काढू नका, दुसऱ्या कुणाला काढू दे. ती तर आमच्याकडे पहिल्यापासून अण्णाच काढायचे. म्हणजे काही करायची गरजच नव्हती. पण भीतीला डॉक्टरचं ऐकू येत नाही. अण्णा आठ दिवस कुंभोजच्या बाहुबली तीर्थाला गेले होते, नवरा ऑफिसात होता. मी सुंठीला वाकळीसकट टोपलीत घातलं आणि रिक्षा केली.

अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतः नेऊन दिली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण विचारायचं म्हणजे कारण सांगायला हवं, आणि तीन महिने भरायच्या आत असलं काही सासऱ्यापुढे बोलायची आमच्यात पद्धत नाही. दोनदा सांगून तोंडघशी पडले होते, तिसऱ्यांदा जीभ उचलेना. अण्णा परत आले तेव्हा मी म्हटलं, "परवा बाहेर गेली ती आलीच नाही." आईला कळलं तर ती फोनवर म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला म्हण की," आणि हसली. मी पण हसले.

त्यानंतर अडीच महिने अण्णांनी सांगली पालथी घातली. सकाळी दुधाची वाटी घेऊन बोळाबोळातून हाका मारत फिरायचे. लोकांच्या गच्चीवर चढायचे. गणपती पेठेतल्या कापडाच्या दुकानात ज्याने चाळीस वर्षं मान खाली घालून लुगडी उलगडली, तो माणूस अनोळखी दारांच्या कड्या वाजवून "आमची मांजर इकडं आली का हो?" विचारत होता. मी आतून ऐकायचे आणि पोळ्या लाटायचे. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की मिरज रस्त्याला एक रिटायर्ड नर्स आहेत, सोडलेली मांजरं सांभाळतात, तिथं बघा.

"पद्मा, मला तेवढं तिथं घेऊन चल," अण्णा म्हणाले. तेव्हा मला पाचवा लागला होता आणि घरात सगळ्यांना माहीत झालं होतं. "तुला त्रास होणार नसेल तर हं."

एका बैठ्या घराच्या मागे पत्र्याची शेड, तिच्यात पिंजऱ्यांच्या दोन रांगा, आणि भिंतीवर एक फळा. फळ्यावर खडूने नियम लिहिले होते. भावंडं वेगळी करून मिळणार नाहीत. न्यायला येताना नव्या घरचा एक कपडा आणावा. ज्याने पूर्वी मांजर आणून सोडली त्याला इथून मांजर मिळणार नाही. शेवटची ओळ मी वाचली आणि फळ्याकडे पाठ केली.

सुवार्ता सिस्टर उंच, पांढऱ्या केसांच्या, चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्यांनी शब्द पाळला. माझ्याकडे बघितलंच नाही. अण्णांना म्हणाल्या, "कशी होती तुमची?"

"सुंठेच्या रंगाची. डावा कान जरासा दुमडलेला. हाक मारली की आधी आळस देते, मग येते."

"तशी आत्ता नाही माझ्याकडं," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. "पण बघा तुम्ही. हवं तर दुसरी बघा."

अण्णा रांगेतून चालू लागले. प्रत्येक पिंजऱ्यापुढे वाकायचे, आतल्या मांजराला नमस्कार केल्यासारखी मान हलवायचे आणि पुढे जायचे. डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलेलं. मी मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आता चार राहिले, आता तीन.

दुसऱ्या रांगेतल्या शेवटच्या पिंजऱ्यापुढे अण्णा थांबले.

आत दोन काळीपांढरी पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. त्यांच्याखाली आक्कांची वाकळ होती.

ती वाकळ सुंठीबरोबर गेली असेल असंच मी धरून चालले होते. नव्या घरचा कपडा आणायचा म्हणजे जुना इथेच राहणार, आलेल्या नव्या जिवाच्या अंगाखाली जाणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. हिरव्या इरकलीचा तो तांबडा काठ मला दहा फुटांवरून दिसत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तेव्हा भर दुपार होती.

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. मग म्हणाले, "सिस्टर, हात लावू का?"

सिस्टरांनी दार उघडलं. अण्णांनी हात आत घातला. पिल्लं जागी झाली, त्यांच्या बोटांना चिकटली. अण्णा त्यांना थोपटत होते, निदान मी तसं समजले. बराच वेळ त्यांचा हात आत होता.

"कुणाची ही?"

"मार्केट यार्डात पोत्यात सापडली. चार होती, दोन वाचली."

"हीच द्या," अण्णा म्हणाले.

"दोन्ही न्यावी लागतील."

"दोन्हीच न्यायची."

मग आम्ही टेबलापाशी बसलो. सिस्टरांनी फॉर्म काढला. खायला काय घालणार, या प्रश्नाला अण्णा म्हणाले, "दूधभाकरी आमची. बाकीचं त्यांचं ते बघतील." सिस्टर पहिल्यांदा हसल्या. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "घरात बाळ येणार आहे. मांजरांचं घरातल्यांना चालणार आहे ना? नंतर आणून सोडायची नाहीत."

"ते पद्मा सांगेल," अण्णा माझ्याकडे वळले. "चालेल का गं तुला?"

"न चालायला काय झालं, अण्णा," मी म्हटलं.

"आता शेवटचा प्रश्न," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी फॉर्मवरून मान वर केली नाही. "यापूर्वी घरात मांजर होतं का? असल्यास त्याचं काय झालं?"

अण्णांनी पेन उचललं, दोन क्षण हातात धरलं आणि माझ्यापुढे केलं. "तू लिही. मला हल्ली ओळ दिसत नाही."

मी सिस्टरांकडे पाहिलं, त्या खिडकीकडे बघत होत्या. शेडमध्ये मांजरं ओरडत होती. खरं लिहिलं तर फळ्यावरच्या नियमाने पिल्लं मिळणार नाहीत आणि अण्णा रिकाम्या हाताने घरी जातील, असं मी स्वतःला समजावलं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावत होते, आणि दर वेळी ते थोडंसं पटायचंही. मी लिहिलं: होतं. हरवलं.

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला आणि खाली सही केली.

"घरचा कपडा आणलाय का?" सिस्टरांनी विचारलं. "नव्या घराचा वास अंगाला लागला की पिल्लं लवकर रुळतात."

"नाही आणला. त्यांच्या अंगाखालचा आहे तोच द्या," अण्णा म्हणाले. "घरच्यासारखाच आहे."

रिक्षात टोपली त्यांच्या मांडीवर होती. मी सगळा रस्ता त्यांच्या तोंडाकडे चोरून बघत होते. तोंडावर काहीच नव्हतं. विश्रामबागेपाशी ते म्हणाले, "नावं काय ठेवायची?" मी म्हटलं, तुम्हीच ठेवा. त्यांनी जरा विचार केला. "हा फौजदार आणि हा हवालदार. घरात जरा धाक पाहिजे."

मी हसले. घरी आल्यावर मोरीत जाऊन उलटी केली. सगळ्यांना वाटलं दिवस आहेत म्हणून.

महिन्याभरात पर्युषण आलं, आणि दहा दिवसांनंतरची क्षमावणी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी आम्ही लहानमोठे सगळे एकमेकांपुढे हात जोडतो आणि वर्षभरात झालेल्या चुकांची क्षमा मागतो. कशाची ते सांगायचं नसतं. कळत-नकळत म्हटलं की त्यात सगळं येतं. हा एक शब्द ज्याने शोधला त्याने माझ्यासारख्यांची फार सोय केली.

मी सहावा महिना सांभाळत वाकले. "अण्णा, माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा."

अण्णांनी डोक्यावर हात ठेवला. तो लगेच उचलला नाही. "अजून काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

"उत्तम क्षमा," ते म्हणाले आणि हात काढला.

मला मुलगी झाली. तिचं नाव अनुजा. पाळण्याखाली फौजदार आणि हवालदार झोपायचे आणि तिला कधी साधी शिंकसुद्धा आली नाही, हे मी आईला सांगितलं तर तिने विषय बदलला. वाकळ दर आठवड्याला मीच धुवायचे. नवऱ्याने एकदा म्हटलं, "ही आक्कांची ती ना गं?" मी म्हटलं, "तशीच दुसरी." अण्णा तिथेच बसले होते. ते पेपर वाचत राहिले. मोतीबिंदू, मी मनात म्हटलं, त्यांना त्या दिवशी दिसलं नसणार, आणि आता ऑपरेशननंतर दिसत असलं तरी आठवत नसणार. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. घरातली मांजरं डोळे उघडे ठेवून प्यायची, मिटलेले होते ते माझे.

दर क्षमावणीला मी वाकायचे. दर वर्षी डोक्यावरचा हात जरा जास्त वेळ राहायचा. दर वर्षी "अजून काही?" आणि दर वर्षी "नाही". हवालदार चौथ्या वर्षी गाडीखाली आला, फौजदार म्हातारा झाला. अनुजा पाचवीत गेली. घरात हे सवालजवाब अण्णांची आणि माझी गंमत समजले जायचे. अनुजा मागून ओरडायची, "अजून काही?" आणि सगळे हसायचे.

बाराव्या वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले होते. पायाशी फौजदार, फौजदाराखाली वाकळ, विरून विरून पातळ झालेली. क्षमावणीच्या सकाळी मी गरम पाणी घेऊन गेले आणि वाकणार तेवढ्यात त्यांनीच हात जोडले.

"आज आधी मी, पद्मा."

"अण्णा, असं काय करता? मोठ्यांनी—"

"ऐक. मला दम लागतो, मधे बोलू नको." ते थांबले. "त्या दिवशी पिंजऱ्यात हात घातला तेव्हा मी वाकळ ओळखली. डोळ्यांनी नाही, बोटांनी. चाळीस वर्षं कापड चाचपलंय. आणि टाका तुझ्या सासूचा. तू सुंठीला का नेलंस तेही समजलं. पोरीचा जीव घाबरला असणार, एवढं मला कळतं."

मी तांब्या घट्ट धरून उभी होते.

"मी बोललो नाही. सून पोटुशी आहे, कशाला तिला लाजवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते खरं नव्हे. मला राग आला होता. मी अडीच महिने वणवण हिंडलो आणि तू आतनं ऐकत होतीस. म्हटलं, आता हिनंच आपणहून सांगावं. म्हणून ती पिल्लं घेतली, म्हणून वाकळ मागून आणली. रोज तुझ्या डोळ्यांपुढं असावी म्हणून. दर क्षमावणीला मुद्दाम विचारत होतो. बारा वर्षं एका पोरीला टोचत बसलो, आणि वर देवळात जाऊन बसत होतो. सासऱ्यानं असं करू नये. मला क्षमा कर."

एवढा मोठा माणूस माझ्यापुढे सगळं उलगडून बसला होता, दुकानात लुगडं उलगडावं तसं, शेवटच्या घडीपर्यंत. मला फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

"कुठली वाकळ, अण्णा?" मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते. बारा वर्षांची सवय होती, ती माझ्या आधी बोलली. वाकळ हातभर अंतरावर होती. फौजदाराने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

अण्णांनीही पाहिलं. मग त्यांनी जोडलेले हात हळूहळू सोडले आणि पांघरुणावर ठेवले. "बरं," ते म्हणाले. "मग काही नाही."

मी वाकले. कळत-नकळत म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. त्या वर्षी त्यांनी "अजून काही?" विचारलं नाही.

दिवाळीच्या आत ते गेले. मधल्या पाच आठवड्यांत मी त्यांचं सगळं केलं, चमच्याने पेज भरवली, पाठ पुसली, आणि रोज ठरवलं की उद्या सांगू.

फौजदार या वर्षी चैत्रात गेला. क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी मी वाकळ धुऊन, घडी घालून पिशवीत टाकली आणि रिक्षा करून मिरज रस्त्याला गेले. सुवार्ता सिस्टर आता नाहीत. त्यांची भाची बघते सगळं, विशीतली, चटपटीत मुलगी. पत्रा नवा आहे, फळा तोच आहे.

"मांजर हवंय काकू? हा फॉर्म भरा."

मी बसले आणि भरला. नाव, पत्ता, घरात माणसं किती. शेवटचा प्रश्न अजून तोच होता. मी चष्मा पुसला आणि लिहिलं. दिलेल्या दोन ओळींत मावलं नाही, म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

तिने उभ्याउभ्या वाचलं. मग पुन्हा बसून वाचलं. "काकू," ती जरा चाचरत म्हणाली, "मग तुम्हाला नाही देता येणार. आत्याचा नियम आहे."

"ठाऊक आहे मला. न्यायला आलेच नाही मी. तेवढा फॉर्म ठेवून घे."

मी पिशवीतून वाकळ काढून टेबलावर ठेवली. "ही पण ठेव. नवीन कुणी आलं तर अंगाखाली होईल."

तिने काठावरून बोट फिरवलं. "हाताची शिवण आहे की. कुठली ही, काकू?"

"आमच्या सुंठीची," मी म्हटलं. "मी तिला इथं आणून सोडलं ना, तेव्हाची."